रडण्याला अर्धं भजं

भावना : ...अगं, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे हसून राह्यले होते! गायकवाड सरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. पाहिलं का तू?

आकांक्षा : पाहिलं.

भावना : तालुक्याला वक्तृत्वात माझा नंबर आला ना, तेव्हा बी इतक्या टाळ्या न्हाई वाजल्या. सर म्हणले, शनिवारी दप्तर नसतंच, तर आता दर शनिवारी दहा मिनिटं तुझी. फळ्यावर रंगीत खडूनं लिहायचं, 'भावनाचे पिक्चर'. सातवीच्या पोरी आत्ताच विचारून राह्यल्या, ताई पुढच्या शनिवारी कोणता?

आकांक्षा : नळ बंद कर. पाणी चाललंय.

भावना : केला. आता सांग, सगळ्यात भारी कोणता झाला? भुताचा का मारामारीचा?

आकांक्षा : भुताचा.

भावना : भुताच्याला मी, पेपरात स्टार देतात तशी, पाचपैकी दोनच भजी दिली. भूत इतकं गोरंपान की आमची मम्मी टाकीजात मोठ्यानं म्हणाली, हिला क्रीम विचारा कोणती लावती. मारामारीच्याला तीन. एका बुक्कीत आठ जण उडतात आणि हिरोच्या शर्टाची इस्त्री बी मोडत न्हाई. आर्यन म्हणला, पाच दे, पाच दे. म्हणलं, तुला शर्ट आवडला असंल तर तुझ्या पप्पांना सांग!

आकांक्षा : दोनच करायचे होते.

भावना : काय?

आकांक्षा : पिक्चर. भुताचा आणि मारामारीचा. तिसरा करायचा न्हवता.

भावना : येडी का तू? तिसऱ्यालाच तर सगळ्यात जास्त हसले! आपल्या गावात शूटिंग झालेला पिक्चर, आपली नदी, आपलं मारुतीचं देऊळ, आणि अख्ख्या वर्गात पाहिलाय कोणी? मी एकटीनं. मामानं नेलं जालन्याला म्हणून.

आकांक्षा : म्हणूनच म्हणते.

भावना : आणि मी खोटं काय बोलले? पिक्चरमध्ये अण्णासाहेब सरपंच मेलेत. बरं, मेले. सत्तर वर्षांचा माणूस, ह्या एवढ्या मिशा. तिरडी चालली नदीकडं. मागं बायका. आणि त्यातली एक पदराखालून सुरूच झाली, 'रामकिसन रंऽऽ! आता मला दिवाळीला न्यायाला कोण येईल रंऽऽ!' अगं बाई, मेलाय कोण, तू रडून राह्यली कोणाला! आणि सरपंच हिला दिवाळीला कशाला न्यायला येईल? भाऊ येतो न्यायला. लिहिणाऱ्यानं डायलॉग एका पिक्चरचा दुसऱ्यात घातला. हे बोललं तर काय चुकलं? त्याला परीक्षण म्हणतात.

आकांक्षा : जमिनीवर लोळून दाखवलंस ते बी परीक्षण का?

भावना : ते जरा जास्त झालं. पण मजा आली ना! आणि त्या रडण्याला काय दिलं? अर्धं भजं. ते बी शिळं!

आकांक्षा : त्या चतुराबाई मावशी होत्या.

भावना : कुठं?

आकांक्षा : पिक्चरमध्ये. रडणाऱ्या.

भावना : कोणत्या चतुराबाई?

आकांक्षा : आपल्याकडं किती आहेत? खिचडीच्या.

भावना : न्हाई. काहीबी नको सांगू. चेहरा तर दिसतच न्हाई तिचा.

आकांक्षा : आमच्या गल्लीत राहतात त्या. शूटिंगवाल्यांनी बायका गोळा केल्या तेव्हा आमची आजी बी गेल्ती. आजीनं सांगितलं घरी, चतुराबाई लई रडल्या, थांबतच न्हवत्या. तू तेव्हा उन्हाळ्यात मामाकडं बदनापूरला होतीस.

भावना : मंग मला सांगायचं न्हाई का आधी!

आकांक्षा : तू हे करणार म्हणून मला कुठं म्हाईत? तू भुतानं सुरुवात केली.

भावना : जाऊ दे. त्यांना काय कळतंय. त्या शेडमध्ये होत्या.

आकांक्षा : दारात होत्या.

भावना : कोणत्या दारात?

आकांक्षा : आपल्या वर्गाच्या. आज किती पोरं जेवायला, विचारायला आल्त्या. तू खाली लोळत होतीस तेव्हा. मी शेवटच्या बाकावर, मला दिसल्या. सर हसत हसतच म्हणले, एकशे बारा. त्यांनी परत विचारलं, किती? सर म्हणले, एकशे बारा. मंग त्या तिथंच उभ्या. आणि तिसऱ्यांदा विचारलं, किती म्हणले सर?

भावना : हसल्या का त्या? जरा तरी?

आकांक्षा : न्हाई.

भावना : मी जाते. आत्ताच्या आत्ता. सॉरी म्हणते. सातशे लोकांसमोर स्टेजवर बोललेय मी, एक सॉरी न्हाई म्हणता येणार का?

आकांक्षा : जा. पण तिथं भाषण करू नको.

(शाळेमागची खिचडीची शेड. चतुराबाई मोठं पातेलं राखेनं घासत बसल्या आहेत. आकांक्षा बाहेर थांबली आहे.)

भावना : मावशी.

चतुराबाई : कोण? भावना व्हय. तिकून ये, इथं राख हाये, ड्रेस खराब व्हईल.

भावना : मावशी, आज सकाळी माझ्या हातून जे काही घडलं, त्याबद्दल मी आपली अंतःकरणापासून...

चतुराबाई : कोणी लिहून देलं हे?

भावना : कोणीच न्हाई.

चतुराबाई : मंग साधं बोल ना बाई.

भावना : मला म्हाईत न्हवतं मावशी. त्या तुम्ही आहात म्हणून. तुम्ही इथं टोपी घालता, ॲप्रन घालता, तिथं पदर होता. खरंच ओळखलं न्हाई.

चतुराबाई : आन् दुसरी कोणी असती, तर? इचारून राह्यले मी. दुसरी असती तर बराबर होतं का?

भावना : न्हाई.

चतुराबाई : हं. ते तिथलं तांब्याभर पाणी टाक यात. बस, बस. तसं चांगलं केलं तू. हेल बराबर उचलला. माझ्या माहेरच्या, जांबाकडच्या बाया अशाच लांबवतात शेवटाला. माझ्या मायची याद आली.

भावना : मावशी, असं नका ना बोलू.

चतुराबाई : टोमणा न्हाई मारला. एक सांग. ते नाव तू आपल्या मनानं घातलं का? रामकिसन?

भावना : न्हाई. पिक्चरमध्येच आहे.

चतुराबाई : साफ ऐकू येतं?

भावना : येतं.

चतुराबाई : तो शूटिंगचा साहेब तर म्हणला होता, मावशी, आवाज काढून टाकतो तुमचा, वरून बाजा घालतो. म्या दोनदा इचारलं. म्हणला, बिलकुल काळजी करू नका.

भावना : बाजा आहे. पण नंतर सुरू होतो. तुमचं झाल्यावर.

चतुराबाई : असं व्हय.

भावना : रामकिसन कोण मावशी?

चतुराबाई : भाऊ माझा. पाठचा. पुण्याला कंपनीत होता. करोनात गेला. तिकडंच पिशवीत बांधून देला जाळून. ना मला जाऊ देलं, ना त्याला गावाकडं येऊ देलं. तेरावा बी फोनवर केला आम्ही. तवा म्या रडलेच न्हाई. गल्लीतल्या बाया म्हणल्या, लई कडक काळजाची. आता रडावं तर कोणाम्होरं? फोनम्होरं? मंग हे शूटिंगवाले आले. पंचीस बाया बसवल्या, म्हणले रडा. कोणालाच येईना. सगळ्या खी खी करून राह्यल्या, म्या बी. साळूबाईनं कांदा आणला होता घरून, डोळ्याला लावायला. तो मेलेला माणूस मधीच उठून पाणी मागायचा. लई हसलो आम्ही. आन् मंग त्यांनी तिरडी उचलली. चार खांदे लागले. तेवढंच पाह्यलं म्या. माझ्या भावाला चार खांदे न्हाई भेटले, भावना. मंग पुढचं मला याद न्हाई. थांबा थांबा म्हणले म्हणं. मला ऐकूच न्हाई आलं.

भावना : मावशी, मी...

चतुराबाई : बाकीच्यांना पोहे देले. मला साडी देली. साहेब म्हणला, असं रडणं कोणाला जमत न्हाई. आन् म्या घेतली ती साडी. चांगला रंग हाये, जांभळा. घ्यायला न्हवती पाह्यजे. भावाचं रडणं आन् त्याची साडी घेतली म्या. ती ट्रंकात तशीच हाये. नेसावी वाटत न्हाई, कोणाला द्यावी बी वाटत न्हाई. तू आज वर्गात लोळून राह्यली होती ना, तवा मला तुझा राग न्हाई आला. वाटलं, बराबर झालं आपल्याला.

भावना : न्हाई मावशी! तुमचं काय चुकलं त्यात? चुकलं माझं. सोमवारी परिपाठाला सगळ्यांसमोर उभी राहते मी. सांगते सगळ्यांना, की त्या रडण्याला मी हसले ते चूक होतं, कारण...

चतुराबाई : नको.

भावना : पण मला सांगायचंय.

चतुराबाई : तुला सांगायचंय. मला ऐकायचं न्हाई. आज पोरांना काय म्हाईत हाये? की सरपंच मेला आन् एक येडी बाई दुसऱ्याच्या नावानं रडली. राहू दे तसंच. तू माफी मागशील, मंग पोरं इचारतील रामकिसन कोण. मंग खिचडी घ्यायला आले की मला त्याच नावानं हाका मारतील. पोरंच ती. तुझ्या मैतरणीला बी सांगू नको.

भावना : न्हाई सांगणार.

चतुराबाई : आता खरं सांग. टाकीजात लोक हसले का?

भावना : तितकं न्हाई...

चतुराबाई : खरं सांग म्हणले मी.

भावना : हसले.

चतुराबाई : लई?

भावना : आधी मी हसले मावशी. मोठ्यानं. मामाला कोपरानं मारलं, म्हणलं, ऐक ऐक. मंग मामा हसला, मंग मागच्या रांगेतले हसले. तोवर सगळे गप होते.

चतुराबाई : गप होते?

भावना : हो. एकदम गप. एक आजी तर डोळे पुसून राह्यली होती. मी हसले तशी तिनं मान वळवून पाह्यलं माझ्याकडं. हे मी वर्गात न्हाई सांगितलं. आत्ताच सांगून राह्यले.

चतुराबाई : उद्याला जीप सांगितलीय आम्ही. बचत गटाच्या बाया चालल्या जालन्याला, तोच पिक्चर पाहायला. उषाबाई बी येऊन राह्यली जांबाहून. रामकिसनची बायको. म्याच बोलावली तिला. म्हणले, मी पिक्चरात दिसते, ये. मला काय म्हाईत नाव ठेवलंय त्याच्यात.

भावना : मंग आता? जाणार न्हाई का तुम्ही?

चतुराबाई : सकाळी तू नाव घेतलं तवाच ठरवलं, जायाचं न्हाई. तांदूळ धुता धुता ठरवलं. फोन करून सांगणार होते, जीप रद्द झाली म्हणून.

भावना : जा ना मावशी. मी येते तुमच्यासंगं. तुमच्या बाजूलाच बसते. कोणी हसलं तर अशी बोलते त्याला, तोंड वर न्हाई करणार परत.

चतुराबाई : न्हाई.

भावना : गप बसते मंग. काहीच न्हाई बोलत.

चतुराबाई : न्हाई बाई. तू येऊ नको. तू बाजूला असली ना, तर पडद्यावर मी रडत असंल आन् मला तुझंच लोळणं दिसंल. वाईट वाटून घेऊ नको. आहे ते सांगितलं.

भावना : बराबर आहे.

चतुराबाई : उषाबाईला घेऊन मीच जाईन. ती आजी पुसत होती म्हणली ना तू डोळे?

भावना : हो.

चतुराबाई : मंग जाऊ. उषाबाईला वाटतं, त्याच्यासाठी माझ्या डोळ्याला पाणी न्हाई आलं. तिनं कधी बोलून न्हाई दाखवलं, पण मला कळतं ते. तिला ऐकू दे एकदा. साडीचं बी सांगते. शिव्या दिल्या तर खाते. हां, ते पातेलं उलटं ठेव तिथं. जमंल का? जड हाये.

भावना : जमतंय.

चतुराबाई : जेवली का तू?

भावना : हो मावशी. जेवले.

चतुराबाई : जा मंग जल्दी. शाळा सुटायची घंटा व्हईल.

(शेडच्या बाहेर.)

आकांक्षा : आली का? लई वेळ लागला. काय म्हणल्या? रागावल्या?

भावना : न्हाई.

आकांक्षा : ते नाव कोणाचं, विचारलं का तू?

भावना : विचारलं न्हाई.

आकांक्षा : एवढा वेळ मंग काय बोलल्या?

भावना : जेवली का म्हणल्या.

आकांक्षा : तू तर आज खिचडी घेतलीच न्हाई. पोरींना पिक्चर सांगत बसली होतीस.

भावना : मी हो म्हणले.

आकांक्षा : का? उरली होती ना?

भावना : न्हाई म्हणले असते, तर त्यांनी वाढली असती.