कारणाचा शिक्का

झिजणार नाही तर काय होईल, साहेब! रबर अस्सल आहे आमचं, दोन वर्षं हलत नाही — तुम्ही चार महिन्यांत संपवलंत! बघू इकडे. हाच ना — ‘हालचाली संशयास्पद वाटल्याने थांबवले’. माझ्याच हातचा. कायदा आला तेव्हा काय बरं वाटलं होतं मला! रस्त्यात कुणाला अडवलं तर पोलिसाने जागेवर कारण लिहून द्यायचं, नुसता रंग बघून अडवलं तर त्याचीच नोकरी जाणार. म्हटलं, आता तरी लाजतील. कसलं काय! पंधराव्या दिवशी तुम्ही इथे हजर — दर वेळी कोण लिहीत बसणार, शिक्काच करून द्या! माणूस दिसायच्या आधी कारण तयार! शी! किळस येते हो. पण मी केला ना? हसत हसत केला, वर शाईचं पॅड भेट दिलं — गिऱ्हाईक मोठं!

थांबा, निघता कुठे. परवा माझी मुलगी आली होती. चार वर्षांनी. आत नाही आली, तिथूनच तुमची ती कारणाची चिठ्ठी ठेवली काउंटरवर. ‘संशयास्पद’मधला ‘द’ जरासा तुटका — कटर सटकलं होतं माझं. लगेच ओळखलं. चिठ्ठी जावयाला दिलेली. दवाखान्यात एक्स-रे काढतो तो. ड्यूटीवर निघालेला. संशयास्पद काय, तर कातडी! गळ्यातलं ओळखपत्र वर करून दाखवायला गेला, तर तुमच्या माणसांनी मनगट पिरगळून मोडलं. दोन ठिकाणी. आणि उलट त्याच्यावरच गुन्हा — म्हणे पोलिसावर हात उचलला. चोर तो चोर, वर शिरजोर! तुम्ही होतात तिथे? — राहू द्या, मान खाली गेली, कळलं.

जावई म्हणतोय मी, आज. पहिल्यांदा घरी आला तेव्हा दार अर्धंच उघडलं होतं मी. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हटलं, आमच्याकडे नाही चालायचं. ‘का, बाबा?’ — एवढंच विचारलं त्याने, आदबीने. मी दार लावून घेतलं. मुलगी त्याच्यामागोमाग गेली ती गेलीच. तुमची किळस येते म्हणतो खरा — पण त्यातली निम्मी माझीच आहे हो, ती कुठे थुंकू?

उद्या अकराला त्याच्या प्रकरणाची चौकशी आहे. तुमचे वरिष्ठ सांगणार, कारण जागेवरच लिहिलं, माणूस नीट बघून. आणि मी ही ऑर्डरची वही ठेवणार पुढ्यात — चार महिन्यांपूर्वीची तारीख, तुमच्या अक्षरातला मजकूर, खाली तुमची सही. परवाना जाईल? जाऊ दे. दुकान जाईल? तेही जाऊ दे, मुलगी तर गेलीच होती. अहं, वहीला हात नाही लावायचा!

आणि नवा शिक्का मिळणार नाही. — का म्हणजे? तुम्ही? तुम्ही कारण विचारता मला? सरका, सरका बाजूला. या ताई, पुढे या, तुमचं काय होतं?