आजाऱ्यांची यादी

एक्स-रेच्या खोलीबाहेर शिंपी नंबराची वाट बघत बसला होता. मोडलं होतं मनगट. कान शाबूत होते. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, काल चर्चमध्ये पाळकांनी आजाऱ्यांच्या यादीत भाऊजींचं नाव वाचलं!"

"दर रविवारी वाचतात."

"अगं, भाऊजींना जाऊन सात महिने झाले!"

"पाळक नवे आहेत. जुन्यांनी ठेवलेली यादी वाचतात."

"आणि मंडळी? ती तर सगळी मातीला आली होती."

"आली होती ना. 'प्रभूची इच्छा' म्हणून माझी समजूत घालून गेली. आता तीच मंडळी यांना बरं वाटावं म्हणून 'आमेन' म्हणते."

"एकाच्याही लक्षात येऊ नये?"

"लक्ष असतं तर आलं असतं."

"शी! मी आजच पाळकांना फोन करून नाव काढायला लावते."

"यादीला हात लावलास तर खबरदार!"

"पण तुला ऐकवतं तरी कसं?"

"तेवढं ऐकायलाच तर जाते मी. साऱ्या जगात त्या एकाच ठिकाणी हे अजून नुसते आजारी आहेत."