तिरका ड्रम

संपत: परत कडेवर आपटली काठी. डावा हात बसतच नाही बघ.

कल्याणी: स्टूल वर घेऊ का, आबा?

संपत: मघाशी वर घेतलंस, मग खाली घेतलंस. स्टूल आहे का लिफ्ट?

कल्याणी: आणि सारखे उठू नका ना! अर्णव टिळक रोडला पोचलाय. दहा मिनिटांत येईल तुम्हाला ऐकायला.

संपत: बसून कधी वाजवलंय मी? पाय वळवळतात.

कल्याणी: आमच्या ग्रुपचा ड्रमर वरद असंच ठेवायचा सगळं. तो बंगळूरला जायच्या आधी मी फोटो काढून ठेवलेत. ड्रम सपाट, पायाने वाजवायच्या थाळ्या डावीकडे. गालिच्यावर टेपच्या खुणासुद्धा त्याच्याच आहेत. एक इंचही हललेलं नाही.

संपत: म्हणजे चूक माझीच. सहा वर्षं काठीला हात नाही लावला. जाऊ दे, ते तुमचे लॅपटॉपवरचे ड्रम लावा.

कल्याणी: अर्णवला तेच हवंय. आज तुम्हाला जमलं नाही, तर शनिवारी आमच्या कार्यक्रमात स्टेजवर लॅपटॉपच असेल.

संपत: ...किती वाजले?

कल्याणी: आबा, एक मिनिट. वरातीत कसा धरायचा तुम्ही ड्रम? उभं राहून दाखवा.

संपत: असा. पट्टा उजव्या खांद्यावर, ड्रम डाव्या मांडीशी. चालताना तिरकाच लोंबतो तो. डावी कड वर. म्हणून डावा तळवा आभाळाकडे.

कल्याणी: म्हणून आपटतेय! हा सपाट आहे. तिरका करायला हवा. पण...

संपत: पण काय?

कल्याणी: अर्णव विचारेल, असा का म्हणून. मी त्याला सांगितलंय, तुम्ही ऑर्केस्ट्रात होता.

(संपत स्टूलवरून उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो.)

संपत: ऑर्केस्ट्रात. कोट घालून?

कल्याणी: कोट तुमचाही होता की.

संपत: होता. लाल. खांद्यावर सोनेरी झालर. ती नाही सांगितलीस.

कल्याणी: ग्रुपमधले हसले असते, आबा.

संपत: मग सपाटच राहू दे. चारचौघांत बरं दिसतं.

कल्याणी: सपाटवर जमत नाहीये ना!

संपत: नाही जमत.

कल्याणी: ...बसा. ही कड धरा. एवढा तिरका?

संपत: आणखी. आणखी जरा. बस. थांब... हां. आला. ऐकलंस? आला हात!

कल्याणी: आबा, डावा पाय आपटताय तुम्ही. मोठ्या ड्रमचं पेडल उजव्या पायाखाली आहे.

संपत: मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पावलावर पडतो. अख्खी रांग डाव्या पावलावर चालायची. आता अडुसष्टाव्या वर्षी पाय बदलू?

कल्याणी: तसं करायचं तर थाळ्या उजवीकडे न्याव्या लागतील. स्टूलही सरकवावं लागेल. सगळंच टेपच्या बाहेर जाईल.

संपत: वरद चिडेल.

कल्याणी: वरद बंगळूरला आहे. उठा. नाही, तुम्ही उचलू नका, गुडघा! मी करते. पोचतोय आता डावा पाय?

संपत: पोचतोय.

कल्याणी: थाळ्यांची उघडझाप आता उजव्या पायाने करावी लागेल पण.

संपत: मिटूनच ठेव. आम्हाला कुठे होत्या?

अर्णव: सॉरी, पार्किंगच मिळेना. नमस्कार आजोबा. अगं, हे काय केलंय? ड्रम पडलाय एका बाजूला. सरळ करू का?

कल्याणी: हात नको लावूस. तसाच हवाय.

अर्णव: असा कोण वाजवतं?

कल्याणी: लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. आबा बत्तीस वर्षं वरातीत होते. ड्रम गळ्यात असायचा त्यांच्या.

अर्णव: पण तू तर म्हणाली होतीस, ऑर्केस्ट्रा...

कल्याणी: खोटं बोलले होते.

अर्णव: अच्छा. बरं... मग आजोबा, सुरुवात तुम्ही देताय की मी?

संपत: तुम्ही पुढे व्हा. ड्रमवाले मागूनच येतात.