सातव्या वर्षीचा पाय

…आणि आता हे बूट बघा. नाही, बघाच तुम्ही, डोमिनोचा डाव कुठे पळून जात नाही आणि टपालाची गाडी यायलाही अजून अर्धा तास आहे. पांढरे, एकदाच घातलेले, वर चंदेरी बक्कल, आत तो चुरगाळलेला कागद परत तसाच कोंबलेला… सुरेख आहेत की नाही? आहेतच सुरेख! न्यूयॉर्कहून आलेत, पिंपात बसून, अख्खा समुद्र ओलांडून आलेत. कोणासाठी? माझ्या नातीसाठी. ओर्लीनसाठी. ओर्लीन किती वर्षांची? बारा. आणि बूट किती वर्षांच्या पोरीचे? सात! आता मला सांगा, घालायचे कुठे हे? कानात? पण माझी काही तक्रार नाही हं. सांगतो आपलं.

तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मँडव्हिलची बस चालवली मी. लोकांनी बसमध्ये शेळ्या आणल्या, कोंबड्या आणल्या, एका बाईने तर बाळंतपण आणलं, मी कधी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, निवृत्त झालो की ओसरीत बसायचं, कोको प्यायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. कुठलं काय! बायको गेली, तिला जाऊन वर्ष होतंय तर माझी मुलगी, जसिंथ, चार वर्षांची पोर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “दोन वर्षांत येते, पपा. कागद झाले की येते.” पोरीचा बाप माँटेगो बेला दुसऱ्या घरी, त्याचं नाव काढण्यात अर्थ नाही. दोन वर्षांची झाली आठ. कागद काही होत नाहीत, आणि कागदाशिवाय ती इकडे आली की परत तिकडे जायला दार बंद. हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, अख्ख्या डोंगराला ठाऊक. फक्त कोणी बोलायचं नाही.

आणि काम काय करते तिकडे? एका म्हातारीला सांभाळते. न्हाऊ घालते, भरवते, वेणी घालते. म्हणजे बघा हं, त्या म्हातारीची मुलगी कुठे दुसऱ्या शहरात कामाला, म्हणून म्हातारीला सांभाळायला माझी मुलगी, माझ्या मुलीच्या मुलीला सांभाळायला मी, आणि मला सांभाळायला कोण? माझी पाठदुखी! ती एक कधी सोडून जात नाही. पण माझी तक्रार नाही.

मग वर्षातून दोनदा जसिंथने भरून पाठवलेलं पिंप येतं. तांदूळ, तेल, साबण, मोजे, कॉर्नफ्लेक्स, डबाबंद मांस… जणू इथे दुष्काळ पडलाय आणि मी पोरीला पाला खायला घालतोय. सगळी आळी जमते, मी झाकण उघडतो, आणि ओर्लीन काय करते, आधी आत डोकं घालते. वस्तू बघायला नाही. वास घ्यायला. कंबरेपर्यंत आत वाकलेली असते, मी म्हणतो, अगं बाहेर ये, गुदमरशील, तर आतून आवाज येतो, “थांबा ना आजोबा, उडून जाईल.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे परसात जाऊन उगाचच लाकडं फोडत बसलो. चुलीला लागणार नव्हती तरी.

बरं, शाळेचं ऐका. शाळेत पालकसभा होती, सक्तीची, न येणाऱ्याचा निकाल रोखून ठेवणार म्हणाले. किंग्स्टनहून एक पाहुणा आला होता, टाय असा आवळलेला की मलाच श्वास लागला. तो म्हणतो, “आजच्या समाजात कुटुंब ही पहिली शाळा आणि आई हा पहिला शिक्षक…” मी मान वळवून बघितलं. अकरा आज्या, तीन मावश्या, कडेवर स्वतःचं बाळ घेऊन आलेली कोणाची तरी थोरली बहीण आणि मी. पालकसभेत पालक एक नाही! तो विचारतो, “किती आया आल्यात?” एकच हात वर. हेडबाईंचा, मिसेस लॉफ्टमनचा, आणि त्यांची मुलं कधीच कॅनडाला गेलीत.

मग त्याने चित्र दाखवलं. एकेका चौकटीत आई, बाप, मुलगा, मुलगी आणि कुत्रा. मी आपला साधेपणाने विचारलं, साहेब, यात मी कुठे? चित्र उलटून मागे बघितलं बिचाऱ्याने, मग म्हणाला, आपण… आधार. आधार! कुत्र्याला चौकट होती हो, मला नव्हती. पण जाऊ दे, तक्रार नाही माझी.

तर बूट. बुटांवरून सुरू झालं होतं. ओर्लीन सात वर्षांची होती तेव्हा जसिंथने फोनवर सांगितलं, पपा, नंबर सांगू नका, इकडचे नंबर वेगळे, कागदावर तिचं पाऊल आखून टपालाने पाठवा. बसवलं पोरीला पायरीवर, पुठ्ठ्यावर पाय ठेवला, पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या, रेघ वाकडी गेली, दोघं खूप हसलो. पुठ्ठ्याचं पाऊल कापलं, त्यावरून कागदावर काढलं, पाठवलं. बूट आले ते कसे, अगदी मापात! पुढच्या वर्षापासून पोर म्हणाली, आजोबा, मी काढते, तुमचा हात थरथरतो. म्हटलं काढ बाई. ती काढायची, घडी घालायची, मी पाकिटात घालायचो आणि इथे टपाल घेणाऱ्या मिस क्लोरिसच्या हातात आणून द्यायचो.

आणि तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, जे बूट येतात ते घट्ट! दुसऱ्या वर्षी ओला कागद कोंबून ताणले. तिसऱ्या वर्षी टाच कापून सपाता केल्या. चौथ्या वर्षी पाद्रीबाईंच्या भाचीला देऊन टाकले. आणि दर वर्षी मी फोनवर जसिंथच्या नावाने खडे फोडायचो. अगं, पोटची पोर तुझी, वाढते ती, नारळाचं रोप आणि लेकरू उभं राहून वाट बघत नाही कोणाची… ती म्हणायची, “चुकलं, पपा.” एवढंच. कधी उलटून बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की नाही, जी पोरगी लहानपणी मीठ कमी झालं म्हणून माझ्याशी तासभर भांडायची, ती एकदम ‘चुकलं’ म्हणते?

यंदा पोर प्राथमिक शाळेतून बाहेर पडणार. निरोपाचा मोठा समारंभ, मुलींनी पांढरा झगा, पांढरे बूट. आणि जसिंथ फोनवर म्हणून गेली, येते मी समारंभाला. बस्स! पोरीने दोन खुर्च्यांची नावं दिली शाळेत. खिडक्या पुसल्या. माझ्या खोलीतला पलंग आईसाठी, मी ओसरीत, असंही ठरवून टाकलं. मी काय बोलणार? येणार नाही ती, येऊच शकत नाही, हे माझ्या तोंडून निघेना. बारा वर्षांच्या पोरीला हे कोणत्या वाक्यात सांगतात? त्या टायवाल्याने तेवढं सांगितलं असतं तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो.

समारंभाला आठ दिवस उरले असताना पिंप आलं. आई नाही, पिंप. त्यात हे बूट. माझं डोकंच फिरलं! लावला फोन, म्हटलं, जसिंथ, तुला लाज आहे का, सात वर्षांची नाही राहिली ती! तर शांतपणे म्हणते, तुम्ही पाठवलेला कागद समोर धरूनच घेतलेत. म्हटलं थांब, आता दाखवतोच. पोरगी मोजमापाचं सामान कुठे ठेवते, तर भजनाच्या पुस्तकात. उघडलं पुस्तक… आणि आत काय, तो पुठ्ठा. सातव्या वर्षीचा. वाकड्या रेघेचा. कडा पेन्सिलीने काळ्या कुळकुळीत, पाच वर्षं त्याच्याभोवतीच पेन्सिल फिरतेय.

बोलावलं तिला. रागावलो नाही हो. म्हटलं, हे काय गं? अंगठ्याने जमीन उकरायला लागली. मग म्हणाली, “पहिले बूट आले तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, या बुटात तुझा पाय मावेनासा होण्याच्या आत मी येईन.” आणि मग अगदी हळू, “म्हणून मी वाढवला नाही.”

आता बोला. काय बोलाल?

मी परत फोन लावला. जसिंथला सगळं सांगितलं. तर म्हणाली, “ठाऊक आहे मला, पपा. दुसऱ्याच वर्षी कळलं, तीच वाकडी रेघ आहे. सगळे कागद पलंगाशी भिंतीला लावलेत.” मी म्हटलं, मग मोठे बूट का नाही घेतलेस? तर म्हणते, “मोठे पाठवले असते तर तिला कळलं असतं, की मला माहीत आहे, मी शब्द मोडला.” बघा म्हणजे! आईला ठाऊक, लेकीला ठाऊक, दोघी समुद्राच्या दोन काठांवर बसून एकमेकींना जपतायत, आणि मधे मी एकटा बैल, पाच वर्षं बुटांच्या टाचा कापतोय आणि आरडाओरडा करतोय! पण मी… काय म्हणत होतो… हां. तक्रार नाही.

समारंभाला पोर हेच बूट घालून गेली. ऐकेचना. बाजारातले बरोब्बर मापाचे मी आणून ठेवले होते, त्यांना हात लावला नाही. आमची ही लाल माती, म्हणून शाळेच्या दारापर्यंत अनवाणी, दारात पाय पुसले, बोटं मुडपून कोंबली आत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी फोन उभा करून ठेवला, त्यात जसिंथ, म्हातारीच्या स्वयंपाकघरात, चांगला झगा घालून बसलेली. एक बाई आली, अवाढव्य, मला म्हणते, “मास एझी, ही खुर्ची रिकामी आहे ना?” आणि बसायलाच लागली! मी ओरडलो, अहो, पोरीची आई बसलीये तिथे! सगळा हॉल हसला. फोनमध्ये जसिंथही हसली. हसता हसता तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि तेवढ्यात चित्र थिजलं. नाव पुकारलं तेव्हा ती तशीच, बाही डोळ्यांवर.

बक्षीस कशाचं मिळालं पोरीला, सांगू? उपस्थितीचं. सहा वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. मिसेस लॉफ्टमन म्हणाल्या, याचं श्रेय घराला. टाळ्या पडल्या. पोर व्यासपीठावरून उतरली ती नीट चालत, जराही लंगडली नाही. घरी आल्यावर मी बूट काढले तर दोन्ही करंगळ्या सोलवटलेल्या. मीठपाण्यात पाय बुडवून बसवलं. रडली नाही. मी म्हणत होतो, रड गं बाई, एकदा रड. तर मलाच विचारते, आजोबा, तुमची पाठ कशी आहे?

आणि आज सकाळी… हा कागद. हा बघा. सप्टेंबरात हायस्कूल, काळे बूट लागणार, म्हणून सकाळी माझ्यासमोर आणून ठेवला. हा तिचा खरा पाय. केवढा झालाय बघा, माझ्या पंजाहून मोठा. म्हणाली, “आता हाच पाठवा, आजोबा. खरा.” म्हटलं, का गं? तर म्हणते, हायस्कूल लांब आहे, चालायचंय मला. बस्स, एवढंच, आणि भांडी घासायला गेली.

शहाणी झाली पोर. अभिमान वाटायला हवा ना मला? पाच वर्षं मी हेच तर ओरडत होतो, खरं माप पाठवा, खरं माप पाठवा. आलं खरं माप. आणि घरापासून इथपर्यंत हा कागद खिशात घेऊन आलो तर, देवाशपथ सांगतो, पाय उचलेना माझा. तिकडे ती पाकीट उघडेल, आणि तिला कळेल की लेकीने वाट बघणं सोडलं. भिंतीवर कुठे लावेल हो ती हा?

आली का गाडी? हॉर्न वाजला का? थांबवा, थांबवा त्याला दोन मिनिटं, छत्तीस वर्षं मी थांबलोय लोकांसाठी! मिस क्लोरिस, एक कोरा कागद द्या. आणि पेन्सिल. टोक असलेली. हा पुठ्ठा… हो, तोच, भजनाच्या पुस्तकातला, आणलाय मी. बघताय काय असे? हायस्कूलचे काळे बूट मी बाजारातून घेईन तिला, मोकळे, बोटं हलवता येतील असे. तिला सांगेन, आईने पाठवलेत. धरा जरा पुठ्ठा, तुम्ही धरा, माझा हात थरथरतो.

हं. झालं. लावा तिकीट.

बूट येतील ख्रिसमसच्या पिंपातून. लहानच येतील. येऊ देत… माझी काही तक्रार नाही.