दुसरी फुंक

—बसा ना मावशी, जागा आहे. मी जरा... दम घेतोय. आत्ताच आतून आलो — त्या फुंकायच्या मशीनवरून. नाकाला चिमटा... तोंडात नळी... आणि मशीनवाल्या ताई कानाशी ओरडतायत, फुंका, फुंका, अजून, अजून! तुमचं झालंय कधी? झालंय ना? मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं. पण माझं चुकलं — दोनदा चुकलं. ताई म्हणाल्या, अहो, एवढं जपून जपून काय फुंकताय? आता काय सांगू त्यांना — मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पहिल्या रांगेत. आमचा सगळा जन्म दम पुरवून पुरवून वापरण्यात गेला... आणि ह्या म्हणतात, एका झटक्यात सगळा रिकामा करा! जीवच होत नाही हो तसा. तिसऱ्यांदा कसंबसं जमलं... आणि मग हा खोकला. ऐकलात ना?

आता पंपाचं औषध ओढायला लावलंय. पाव तास बसा म्हणाल्या, मग परत फुंकायचं. का? तेच तर! डॉक्टर म्हणाले, औषधानंतरची फुंक आधीपेक्षा बरीच वाढली — म्हणजे आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या झाल्या — तर तो दमा. वाढली तर दमा! मग मी मनाशी काय ठरवलं, माहितीये? जरा जवळ या... वाढूच द्यायची नाही. दुसरी फुंक आवरून मारायची. ताईंना काय कळणार? दम आवरणं मला कुणी शिकवायला नको. फरक नाही तर दमा नाही, चला घरी! असं बघू नका हो माझ्याकडे. आमच्या ट्रॉम्बोनवाल्याला दमा निघाला आणि बँडमास्तरांनी त्याच्या हातात झांजा दिल्या — झांजा! ह्या वयात मी शेवटच्या रांगेत झांजा वाजवू?

काय? फरक पडला नाही तर सुटका नाही? म्हणजे मग दुसरं काय आहे ते शोधत बसतात? आणखी तपासण्या? एक्स-रे झालाय माझा, बरं का, त्यात काही नाही म्हणाले. छातीला नळी लावून ऐकलं, शिट्टीसारखा आवाज येतो म्हणाले. मग प्रश्नच प्रश्न — खोकला कधी येतो, धुरानं वाढतो का, हसताना दम लागतो का, घरात कुणाला आहे का. त्याला मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो, त्यांचा प्रश्न संपायच्या आत. पोरगी शेजारीच बसली होती माझी — आता खाली औषधं आणायला गेलीये — तिनं कोपरानं ढोसलं मला. कारण तिला माहितीये ना. सगळ्या बँडला माहितीये.

दादाला होता. माझा थोरला भाऊ, क्लॅरिनेट मला त्यानंच शिकवलं — आणि तो कधी डॉक्टरकडे गेला नाही, कारण तोही मास्तरांना घाबरायचा, मिरवणुकीत दम लागला की सूर दुरुस्त करतोय असं दाखवून वाद्य तोंडातून काढायचा आणि त्याची ओळ मी वाजवायचो, लोकांना पत्ता नाही लागायचा, आम्हाला त्याची गंमतच वाटायची, आणि मग एकदा भर दुपारी, वाजवता वाजवता तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि मी त्याची ओळ वाजवत पुढे गेलो, मला वाटलं येईल मागून, नेहमीसारखा येईल, आणि मागे वळून बघितलं तर माणसं जमलेली, आणि दादा असा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं, ओठ निळे, आणि सगळा बँड श्वास फुंकणाऱ्या माणसांचा, मावशी, आणि एकालाही त्याला श्वास देता आला नाही—

थांबा.

मी आत्ता केवढं बोललो. न थांबता. खोकला नाही आला. छातीतली शिट्टी... ऐका ना. नाहीये! कधीपासून नव्हतं हो असं, कधीपासून. म्हणजे लागू पडलं औषध. म्हणजे आहे मला. तोच आहे, दादाचाच.

तुमच्याकडेही आहे पंप? कधीपासून? आणि तुम्ही अशा चालत आलात, एवढे जिने चढून...

एवढंसं औषध, मावशी. दोनदा ओढलं मी, आणि पाव तास नुसता बाकावर बसलो. त्याला पण एवढंच पुरलं असतं? तसाच बसला होता हो तो. तसाच बसला होता.

नको. सांगू नका. काही बोलूच नका आता.

आलो, ताई! आलो. आणि डॉक्टरांना जरा थांबवा, जाऊ देऊ नका — माझ्या घरात होता म्हणावं. माझ्या भावाला होता.