शनिवारच्या तासाचं गिऱ्हाईक

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील प्राचार्य आणि पाहुणे मंडळी, समोर बसलेले अध्यापक आणि माझ्या मुलामुलींनो,

परवा कॉलेजातून घरी एक खोका आला. पत्त्यांचे चार जोड, सोंगट्या, वाळूचं घड्याळ आणि सरांचा चष्मा. हमाली मी दिली. सगळं नीट पोचलं, आभारी आहे.

आजचा दिवस सरांच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या, निवृत्तीचा ठरला होता. ते त्याआधीच गेले. तुम्ही तारीख बदलली नाहीत, हेही बरंच केलंत. लोक विचारतात, रडलात का? नाही. देवपूजा होते, स्वयंपाक होतो, हिशेब जुळतो.

मी मॅट्रिक. सॉफ्टवेअर म्हणजे काय, मला काय ठाऊक? पण ते शिकवायला सरांनी पत्त्यांचा खेळ रचला तेव्हा म्हणाले, “तुझ्यासारखं चिकट गिऱ्हाईक मला बाजारात मिळायचं नाही. चल वर्गात.” तेव्हापासून दर शनिवारी मी गिऱ्हाईक. मुलांनी पत्ते लावून खेळातल्या माझ्या दुकानाचा प्रोग्रॅम उभा करायचा. मला काही विचारायचं तर एक डाव सोडावा लागे, म्हणून कुणी विचारतच नसे!

एकदा या पुढच्या रांगेतल्या ‘झपाटा’बाईंनी सगळ्यांच्या आधी काम संपवलं.

“काकू, घ्या! उधारीचं खातंसुद्धा केलंय.”

“अगं, पण मी उधार देतच नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तू विचारलंस?”

“काकू, तुम्ही ना, छळता!”

सर खिडकीपाशी पाठ करून हसत होते. खांदे हलताना दिसत होते.

मगाशी प्राचार्य म्हणाले की खेळ आता संगणकावर आला, गिऱ्हाईकही त्यातच आहे, विचारलं की लगेच उत्तर देतं. चांगलंच आहे. मी तशी कधीच नव्हते.

पण माझ्या शनिवारचं मला नक्की कुणी काही सांगितलेलं नाही. खोका घरी आला, त्यावरून मी काय समजायचं? इथे चारचौघांत तुम्हाला भीड पडेल, म्हणून कार्यालयाने पत्रानेच उलटटपाली कळवावं. नाही असलं तरी चालेल. शनिवारी जेवण लवकर उरकायचं की नाही, तेवढं ठरवता येईल.

बोलायची सवय नाही. कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सर्वांची आभारी आहे.