कालचं लॉक

लॅपटॉप दुरुस्तीच्या रांगेत ड्युटीवरून सुटलेली नर्स उभ्या उभ्या पेंगत होती. तिच्यापुढे एक काका काउंटरवरच्या मेकॅनिकशी बोलत होते.

"काका, हा बिघडलेला नाही. चोरीचं लॉक लागलंय."

"चोरी कसली? मुलीचा आहे, घरातच होता."

"हे लॉक आतच असतं. मालकानं आधी चालू करून ठेवलं असेल, तर लॅपटॉप नेटला जोडला की कुठूनही बंद करता येतो."

"काल मीच जोडला हो. तिच्या मैत्रिणींचे पत्ते मिळतात का बघायला."

"मग कालच केलाय तिनं बंद. तिलाच विचारा की पासवर्ड."

"काल? तिनं? अहो, आठ महिने झाले घर सोडून. पोलीससुद्धा दमले."

"मग... उघडायचा प्रयत्न करू?"

"नको, नको. लॉक राहू दे. नेट तेवढं चालू ठेवा."